काठीवरचा चेंडू

लायल फॉन्टेनोच्या गाडीच्या मागच्या भागात सत्तावीस वर्षं एकच काठी होती. फावड्याचा जुना दांडा, आणि त्याच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून घट्ट बांधलेला एक फुटबॉल, अमेरिकन खेळातला, लांबट. चेंडू झिजायचा, त्याची शिवण उसवायची, मग नवा बांधला जायचा. दांडा तोच राहिला. या काळात गाड्या सहा झाल्या, घरं अकरा झाली, कॉलेजं नऊ. हाताच्या घामाने दांड्यावर जो काळपट, तुकतुकीत रंग चढला होता, तो कुठल्याच घराच्या दाराच्या मुठीवर कधी चढला नाही.

काठीचं काम साधं होतं. या खेळात समोरचा संघ जमिनीवरचा चेंडू उचलतो तेव्हाच डाव सुरू होतो; त्याआधी कोणी रेषा ओलांडायची नाही. बचावाच्या पुढच्या फळीतली चार पोरं एक हात जमिनीला टेकवून ओणवी उभी राहायची. त्यांच्यासमोर लायल एका गुडघ्यावर बसायचा. काठी गवतावर आडवी, चेंडू पोरांच्या नाकासमोर. मग तो घसा ताणून ओरडायचा, "ब्लू ऐंशी! हट! हट-हट!" आणि काठी जागेवरून हलवायचाच नाही. चारांतला एक हमखास उडायचा. आणि मग, सगळे श्वास सोडून सैल झाले की, तोंडातून अक्षर न काढता तो काठीला एक हिसका द्यायचा. त्या क्षणी जो निघाला तो त्याचा. जो मागे राहिला त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या.

"पुन्हा कानाने खेळलास," तो म्हणायचा. "ओरडणारा माणूस समोरच्यांचा आहे. तो तुला खरं कशाला सांगेल? चेंडू हलायच्या आधी गेलास तर पाच यार्डांचा दंड. हलल्यावर उशिरा गेलास तर तो धटिंगण तुझ्या छातीवर बसून जेवण करेल."

"पण कोच, आवाज आत शिरतो हो," डेमारियस ओक्स एकदा म्हणाला. हा फळीच्या मधोमध उभा राहणारा, एकशेचाळीस किलोचा, चेहऱ्याने बाळसेदार. "कान काय काढून ठेवू?"

"ठेव. तुझ्या आईला पाठवून दे पोस्टाने. तसाही तू तिचं कधी ऐकलं नाहीस."

पोरं हसायची. लायल हसायचा नाही. त्याचा टेकलेला गुडघा गवतात रुतलेला असे आणि दुसऱ्या पायाची टाच सतत, बारीक, शिवणयंत्राच्या पायपट्टीसारखी हलत असे.

ही काठी रूफस केन नावाच्या म्हाताऱ्याची. आर्कान्सामधल्या एका छोट्या कॉलेजात लायल खेळत होता तेव्हा केन पुढची फळी शिकवायचा. लायल लुइझियानाच्या दलदलीकडचा, झिंगे पकडणाऱ्याचा मुलगा. बापाची होडी सोडून तो फुटबॉलसाठी बाहेर पडला आणि चौथ्या वर्षी त्याचा गुडघा गेला. केन त्याला बघायला इस्पितळात आला. फुलं आणली नव्हती, काठी आणली होती. "माझे खांदे आता हिसका देत नाहीत," तो म्हणाला. "तुझा गुडघा गेलाय, खांदे शाबूत आहेत. घे." एवढ्यावर लायलचा पेशा ठरला. टॉवेल धुणं, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणं, मोठ्या कोचांना जेवण आणून देणं, आणि दिवसचे दिवस सामन्यांच्या चित्रफिती मागे-पुढे करत पाहणं. तेविसाव्या वर्षी हे सुरू झालं.

हे शिकवणं बाहेरच्याला कळत नाही. पुढच्या फळीचं नाव वर्तमानपत्रात येत नाही. चेंडू धरणारा दिसतो, फेकणारा दिसतो. मध्ये जी आठ-नऊ माणसं एकमेकांवर आदळून एका ढिगात पडतात, त्या ढिगात काय झालं हे फक्त ढिगातल्यांना ठाऊक. लायलला आपल्या पोरांचे चेहरे पुढे आठवत नसत. हात आठवत. कोणाची करंगळी कायमची वाकडी, कोणाच्या तळव्यावर भाजल्याचा डाग, कोण मनगट आत वळवतो. वर्षांनी एखादा बाप्या विमानतळावर येऊन मिठी मारायचा, "कोच, ओळखलंत?" तर हा आधी त्याचा हात उलटा करून बघायचा.

नऊ कॉलेजं झाली याचंही कारण या पेशातच आहे. हेड कोच हरला की त्याला काढतात, आणि तो गेला की त्याचे सगळे साहाय्यक जातात. कोणी कितीही चांगलं शिकवलेलं असो. झाड तोडलं की घरट्यांची वेगळी चौकशी होत नाही. पहिल्या तीन वेळा लायल असाच गेला. तिसऱ्या वेळी रविवारची सकाळ होती. तो नेहमीसारखा फिती पाहायला आला, दाराला कार्ड लावलं, दिवा लाल. पुन्हा लावलं, लाल. पाच वेळा लावलं. काचेपलीकडे फरशी पुसणारा माणूस होता. रोज ज्याच्याशी हा मासेमारीच्या गप्पा मारायचा तो. त्याने एकदा वर पाहिलं आणि बादली घेऊन दुसऱ्या बाजूला निघून गेला. तेव्हा लायलची मुलगी कोरिन तीन वर्षांची होती आणि गाडीत मागच्या सीटवर बसून "डॅडी, उघड ना!" म्हणून काचेवर थापा मारत होती.

त्या दिवसापासून त्याने स्वतःशी ठरवलं, आता लाल दिवा बघायचा नाही. त्याआधी निघायचं.

आणि तो निघत राहिला. ओक्लाहोमा, तिथून टेनेसी, तिथून परत आर्कान्सा. हवेत नुसता वास आला की त्याचा फोन सुरू व्हायचा. त्याची बायको नेडा शाळांमध्ये नर्स होती. प्रत्येक राज्यात नवी परीक्षा द्यायची, नवा परवाना काढायचा, आणि नव्या शाळेतल्या मुलांच्या उवा बघायला लागायच्या. तिने सामानाची खोकी कधी फेकली नाहीत. चपटी करून, दोरीने बांधून, गॅरेजमध्ये मोठ्या फ्रीजच्या मागे उभी करून ठेवायची. या पेशातल्या सगळ्या बायका ठेवतात. एखादीने खोकी फेकली तर दुसऱ्या तिला वेड्यात काढतात. प्रत्येक खोक्यावर जुन्या घरांच्या खोल्यांची नावं एकावर एक खोडलेली: 'कोरिनची खोली', 'कोरिनची खोली', 'कोरिन – वरची', 'कोरिन'.

बेल रिव्हरला आले तेव्हा कोरिन आठवीत होती आणि ती तिची पाचवी शाळा होती. उत्तर लुइझियानातलं हे गाव. एक सरकारी कॉलेज, एक कागद गिरणी, पाइनची झाडं. पहिल्याच संध्याकाळी, स्वयंपाकघरात अजून टेबल लागलं नव्हतं, तिघं जमिनीवर बसून कागदाच्या बशीत भात आणि बुदँ खात होती. डुकराच्या मांसाचं ते सॉसेज लायलच्या बापाने पाठवलेलं होतं. कोरिन म्हणाली, "डॅडी, शेवटचं विचारते. मी बारावी इथून होणार का?"

"इथूनच."

"शपथ?"

"आता काय रक्ताने लिहून देऊ?"

"खोक्यावर लिही," ती म्हणाली. आणि त्याने खरंच खोक्यावर लिहिलं. जाड काळ्या पेनाने, 'कोरिन – बारावी – बेल रिव्हर', खाली सही. तेही खोकं नेडाने चपटं करून फ्रीजमागे ठेवलं.

तीन वर्षं निभली. त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांब मुक्काम. कोरिन शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची आणि तिच्या डोक्यात एकच होतं: बारावीत बँडची मेजर व्हायचं. पांढरे हातमोजे घालून सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि तिच्या हाताच्या इशाऱ्यावर ऐंशी मुलांनी पहिलं पाऊल टाकायचं. नेडाने अंगणात पहिल्यांदाच झाड लावलं, संत्र्याचं. लायलने मात्र भिंतीत एक खिळा ठोकला नाही. रविवारी चर्चमध्येही तो शेवटच्या बाकावर, वाटेच्या कडेला बसायचा. पाद्री हात वर करायच्या आत हा उभा.

मग चौथ्या वर्षी, कोरिन अकरावीत असताना, संघ सलग सहा सामने हरला.

हेड कोच होता रॉय बर्डेट. मोठ्या पोटाचा, शांत, तंबाखू चघळणारा. त्याने साहाय्यकांना काही सांगितलं नाही, म्हणून साहाय्यकांनी आपसांत सगळंच सांगितलं. संघाच्या चढाईच्या फळीचा कोच स्टँटन जेवणाच्या टेबलावर फोन नाचवत आला.

"फॉन्टेनो, बक लॅनियरचं विमान उडालं बघ."

बक लॅनियर म्हणजे वाळूच्या खाणींचा मालक. त्याच्या देणग्यांवर स्टेडियमचे दिवे जळायचे. त्याचं एक छोटं विमान होतं आणि कॉलेजने नवा कोच आणायचा ठरवला की ते विमान जायचं. त्याच्या शेपटीवरचा नंबर गावातल्या लोकांना आपल्या लेकरांच्या वाढदिवसासारखा पाठ होता. विमान कुठे आहे ते फोनवर दिसतं. न्हाव्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे बघतात.

"कुठे चाललंय?" लायलने विचारलं.

"टेक्सस. आणि टेक्ससात ते उतरतंय त्या गावाच्या बाजूला कोण राहतं?" स्टँटनने एका तरुण, जिंकत सुटलेल्या कोचाचं नाव घेतलं. "काल गेलं, आज परत चाललंय. एका आठवड्यात दोनदा माणूस काही वाळू विकायला जात नाही. माझ्या बायकोने खोकी बाहेर काढली."

"बर्डेटला विचारलंस?"

"तू विचार ना. तू पुढच्या फळीचा."

लायलने विचारलं नाही. बर्डेटचं दार त्याच्या खोलीपासून अकरा पावलांवर होतं आणि नेहमी अर्धं उघडं असायचं. तो त्या दारावरून चार वेळा गेला. त्याला दारात लाल दिवाच दिसत राहिला.

बुधवारी संध्याकाळी हॉइट स्ट्रिकलंडचा फोन आला. टेनेसीतला जुना सोबती, आता दूर वायोमिंगमध्ये, बर्फाच्या मुलखात, एका कॉलेजच्या बचावाचा प्रमुख झालेला.

"लायल, फळीची जागा आहे. माझ्या साहेबाला उद्या दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही पाहिजे. रांगेत आणखी एक आहे."

"उद्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, हॉइट."

"म्हणूनच बारापर्यंत. नंतर तो टर्की खाऊन झोपतो. काय रे, तिकडे विमान उडतंय म्हणतात?"

वायोमिंगपर्यंत बातमी गेली होती. यापेक्षा मोठा पुरावा लायलला लागणार नव्हता.

गुरुवारी सकाळचा सराव हलका होता. साडेअकराला तो मैदानाच्या कडेला, गवत कापायच्या यंत्राच्या शेडमध्ये गेला आणि पेट्रोलच्या वासात उभं राहून त्याने फोनवर 'हो' म्हटलं. या पेशात कागद मागाहून येतो. फोनवरचा शब्द म्हणजे शब्द. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं होतं, नेहमीसारखं हलकं वाटेल. दर वेळी निघताना वाटायचं, जणू कोणी मानगुटीवरचा हात काढला. या वेळी हात तिथेच राहिला. नेडाला संध्याकाळी सांगू, असं ठरवून त्याने तोंड धुतलं.

थँक्सगिव्हिंगचं जेवण बर्डेटच्या घरी असायचं. साहाय्यक आणि त्यांची कुटुंबं, शिवाय ज्या खेळाडूंचं घर लांब ती पोरं. अंगणात गॅसवर मोठं पातेलं, त्यात उकळतं शेंगदाण्याचं तेल, आणि बर्डेट स्वतः आकड्याला टर्की लटकवून हळूहळू आत सोडत होता. डेमारियस दोन हात लांब उभा राहून सूचना देत होता.

"कोच, सावकाश. गेल्या वर्षी माझ्या काकाने अशीच भुवई घालवली."

"तुझ्या काकाला सांग, भुवयांशिवाय पण लग्नं होतात," बर्डेट म्हणाला.

लायल, नेडा आणि कोरिन फाटकातून आत आले. फाटकाशीच बक लॅनियर उभा होता, हॅट मागे सारून. त्याच्या पायाशी एक पांढरा, तपकिरी ठिपक्यांचा कुत्रा, नाक वाऱ्याला लावून, एक पाय उचलून दगडासारखा स्थिर.

"काय सुंदर आहे!" कोरिन खाली बसली. "कुठून आणला?"

"टेक्ससहून," लॅनियर म्हणाला. तो खूश होता. "तितर शोधणारी याच्यासारखी जात नाही. मंगळवारी बघायला गेलो तर मालक नाही म्हणाला. बुधवारी परत गेलो. माझी बायको म्हणते, 'मला मागायला माझ्या बापाकडे तू एकदाच आला होतास.'"

लोक हसले. कोरिन हसली. लायलने कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याचा उचललेला पाय हवेत तसाच होता. समोरच्या झुडपात काहीतरी होतं, आणि ते हलेपर्यंत तो हलणार नव्हता.

जेवणाआधी लॅनियरने पेला हातात घेतला. "प्रार्थना रॉय करेलच. मी एवढंच सांगतो, अजून बाहेर बोलू नका. सोमवारी रॉयच्या सहीचा कागद झाला. आणखी तीन वर्षं. आम्ही काही सहा सामन्यांनी घाबरणारी माणसं नाही."

टाळ्या वाजल्या. स्टँटनने सर्वांत जोरात वाजवल्या. लायलनेही वाजवल्या; त्याचे हात त्याला दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. टेबलाखाली नेडाने त्याचा गुडघा दाबला आणि कोरिनकडे झुकून काही कुजबुजली. कोरिनचा चेहरा असा उजळला की लायलला ताटाकडे बघावं लागलं. ताटात मक्याची भाकर होती, टर्की होती, रताळं होतं. त्याने सगळं नीट चावून खाल्लं. चव कशाचीच लागली नाही.

परतताना गाडीत नेडा गुणगुणत होती. "येताना खोकी वाटेत टाकून यायला हवी होती. उद्या टाकू."

"टाकू नकोस," लायल म्हणाला.

गाणं थांबलं. त्याने सांगितलं. गाडी चालवत, रस्त्याकडे बघत, हॉइटचा फोन, शेड, साडेअकरा. सांगायला एक मैल पुरला.

नेडाने खिडकीची काच खाली केली आणि थंड वाऱ्यात चेहरा धरला. मागून कोरिनचा आवाज आला. तो रडका नव्हता. लहानपणी, अंगणात, ती सहा वर्षांची असताना काठीला हिसका द्यायचं काम तिचं असे आणि गुडघा बिघडलेला बाप तिच्यासमोर ओणवा व्हायचा. त्या वेळी ती पंच व्हायची, तसाच तो आवाज होता.

"डॅडी, चेंडू हलला होता?"

त्याने समोरचा आरसा सरळ केला.

"मी विचारतेय. हलला होता का?"

"नाही."

"मग?"

घराच्या वळणावर मागच्या भागात काठी एकदा इकडून तिकडे घरंगळली.

शुक्रवारी सकाळी तो बर्डेटकडे गेला. अकरा पावलं, अर्धं उघडं दार.

"बस," बर्डेट म्हणाला. त्याला ठाऊक होतं. "वायोमिंगचा साहेब काल दुपारीच बोलला माझ्याशी. रीतच आहे, माणूस घेताना त्याच्या कोचाला कळवायचं. चांगलं बोललो मी तुझ्याबद्दल."

"कोच, मला जायचं नाही."

बर्डेटने तंबाखू कागदी पेल्यात थुंकली. "मी काल संध्याकाळीच जॉर्जियाच्या एका पोराला शब्द दिला, लायल. घरी बायको बाळंत झालीय त्याची. तो रडला फोनवर. आता त्याला काय सांगू? फॉन्टेनोला कुत्र्याचा खुलासा झाला?"

"तुम्ही सांगितलं असतंत तर."

"तू विचारलं असतंस तर." बर्डेट रागावला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "माझं दार काय कार्डाने उघडतं? तुझ्याइतका चांगला फळीवाला मी पाहिला नाही. पण तीन वर्षं झाली, मी तुझ्या खोलीत येतो तेव्हा तू खुर्चीच्या कडेवर बसलेला असतोस. उद्याचा सामना तुझाच आहे. तेवढा खेळव."

म्हणजे आता बेल रिव्हरमध्ये काहीच उरलं नव्हतं, आणि वायोमिंग पक्कं होतं. रविवारी निघ, म्हणून हॉइटचा निरोप आला होता. हिशोबाने पाहिलं तर प्रश्नच संपला होता. पन्नाशीतला माणूस, हातात दुसरी कला नाही. नेडा संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तू जा. आम्ही इथे राहू. तिची बारावी झाली की बघू. पुष्कळ जण असे राहतात."

"तू चिडलीस का?"

"मी दमलेय, लायल. चिडायला अंगात जोर लागतो."

शनिवारी ऊन होतं आणि स्टेडियम अर्धं रिकामं. चौथ्या भागात बेल रिव्हर सहा गुणांनी मागे होता. समोरच्यांना फक्त दोन यार्ड हवे होते. ते मिळाले की वेळ काढून सामना खिशात. पण त्यांना चेंडू हलवायचाच नव्हता. नुसतं ओरडून बेल रिव्हरच्या पोरांना रेषेपलीकडे खेचायचं, फुकटचे पाच यार्ड दंडात मिळवायचे, हा त्यांचा बेत लायलला लांबूनच कळला. तो कडेला उभा होता. आता ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता. त्याचा आवाजही त्या पोरांच्या कानात आवाजच.

"हट!" समोरचा ओरडला. "हट-हट! हट!" त्याने मान झटकली, पाय आपटला, मागच्या गड्याला हात केला. प्रेक्षक उभे राहिले. डेमारियसची बोटं गवतात रुतलेली. त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ खाली येताना लायलला दिसत होता. चौघं. चारी कंबरा एका उंचीवर. चेंडू उचलायला दिलेल्या सेकंदांचं घड्याळ पंधरा, बारा, नऊ. लायलची स्वतःची टाच हलत होती, पोटरी हलत होती, सगळं अंग पुढे जात होतं, आणि ती चार पोरं, ज्यांना त्याने हे शिकवलं होतं, हलत नव्हती. सहा. तीन. शेवटी समोरच्याने हात टेकले आणि खेळ थांबवायची खूण केली.

डेमारियस उठला आणि कडेकडे वळून त्याने दोन्ही हात हेल्मेटच्या बाजूंना लावले, कान उपटून फेकल्यासारखे.

सामना ते हरलेच. त्यानंतर समोरच्यांनी चेंडू खरोखर उचलला आणि दोनऐवजी तीन यार्ड मिळवले. ढिगातून उठताना डेमारियस लंगडत होता.

मैदान रिकामं झाल्यावर लायल त्याच रेषेवर जाऊन उभा राहिला आणि त्याने हॉइटला फोन लावला.

"मी येत नाही."

"लायल, मी दुसऱ्याला नाही सांगून बसलोय."

"माहीत आहे."

"तुला कळतंय का तू काय करतोयस? माझ्या साहेबाचे चाळीस कॉलेजांत दोस्त आहेत. शब्द फिरवणारा म्हणून तुझं नाव होईल. परत कोणी फोन उचलणार नाही तुझा."

"मुलीला आधी शब्द दिला होता. खोक्यावर लिहून."

"कशावर?" हॉइट म्हणाला. मग एक शिवी हासडून त्याने फोन ठेवला.

बर्डेटच्या ओळखीने गावातल्या हायस्कूलमध्ये काम मिळालं. फुटबॉलचं नव्हतं, तिथे जागा नव्हती. मुलांना गाडी शिकवायचं. शाळेची जुनी पांढरी गाडी, शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक. पंधरा वर्षांची पोरं-पोरी स्टिअरिंगला लोंबकळून बसायची. गिरणीच्या चौकात दिवा लाल असला आणि मागून कोणी हॉर्न वाजवला की ती घाबरून गाडी पुढे काढायची.

"थांब! हॉर्न कुठे बघतोस?" लायल ब्रेक दाबायचा. "हॉर्न वाजवणारा तुझा कोणी लागतो? दिवा बघ."

"सॉरी, मिस्टर फॉन्टेनो."

त्याला कोणी कोच म्हणेना, याची सवय व्हायला वेळ लागला. ऑगस्ट सर्वांत वाईट गेला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऑगस्टमध्ये त्याला कुठे जायचं नव्हतं. सकाळी पाचला जाग यायची; तो अंगणात संत्र्याच्या झाडाभोवती फिरायचा, झाडाला जिथे पाणी घालून झालं तिथे पुन्हा घालायचा. नेडा खिडकीतून म्हणायची, "बुडवशील त्याला." एकदा तो गाडी घेऊन विनाकारण राज्याच्या सीमेपर्यंत गेला, पाटीपाशी थांबला, आणि दूध घेऊन परत आला. दूध घरात होतं. नेडाने दोन्ही बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

कोरिन एप्रिलमध्येच बँडची मेजर निवडली गेली होती. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, हायस्कूलच्या सामन्याला, लायल आणि नेडा लाकडी बाकांवर बसले. लायल या वेळी वाटेच्या कडेला बसायला गेला तर नेडाने त्याला आत सरकवलं. दोन्ही बाजूंना माणसं. त्याच्या हातात काही नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

सूर्य पाइनच्या मागे गेला होता. ऐंशी मुलं मैदानाच्या टोकाला रांगा करून उभी राहिली आणि त्यांच्यापुढे कोरिन, पांढऱ्या हातमोज्यांत. भोंग्यातून शाळेचं नाव, मग टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी पिपाणी वाजवली, दुसऱ्या संघाच्या बाजूने ढोल.

नेमका तेव्हा त्याच्या खिशात फोन थरथरला. त्याने पाहिलं. अनोळखी नंबर, ओक्लाहोमाचा. सप्टेंबरात असा फोन उगीच येत नाही. कोणीतरी आजारी पडलं असेल, कोणाला तरी काढलं असेल. एक फळी कुठेतरी बिनकोचाची उभी असेल. फोन थरथरत राहिला. त्याची टाच सुटली, मग गुडघा, मग बाकाची फळीच हलायला लागली. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं.

नेडाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने फोन पाहिला होता. तिने तो काढून घेतला नाही.

"अजून नाही," ती म्हणाली. "तिचा हात बघ."

कोरिनचा हात वर होता. तो हलला नव्हता.